पतपेढीचे मेल परत येताहेत. पत्ते बरोबर दिसतात, मग अडतंय कुठे?

बंदरवाला (सोमवार, रात्री ९.४२)

नमस्कार मंडळी. वसईतल्या एका पतपेढीत मी संगणकाचं सगळं बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरात कागद अडकला तरी हाक मलाच. सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिची सूचना आणि अहवाल यंदा मेलनेही पाठवायचं संचालक मंडळाने ठरवलंय. आगाशीपासून नायगावपर्यंत सभासद पसरलेत, शिवाय पोरंबाळं गल्फला आणि कॅनडाला.

पत्त्यांची यादी तीन वाटांनी आलीय. जुन्या केवायसी फॉर्मवरून टाइप केलेले, व्हॉट्सॲपवर मागवलेले आणि वेबसाइटच्या फॉर्ममधून आलेले. पाठवायला लागलो तर ढिगाने मेल परत. काही लगेच परत येतात, काही पाच दिवसांनी, आणि काही परतही येत नाहीत पण सभासद म्हणतो मिळालाच नाही. त्यात कालपासून नवीनच. जीमेलवाल्या कुणालाच मेल जात नाहीये, सरसकट नकार.

सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला. तो म्हणतो, "सर, सर्व्हर साइडचा इश्यू आहे, रिफ्रेश करून बघा." पत्ते मी डोळ्यांत तेल घालून तपासलेत. काय बघू अजून?

(पत्ते इथे देवनागरीत लिहितोय. नाहीतर त्यांची लिंक होते आणि कुणीतरी खरंच तिकडे मेल टाकतं.)

खवचट (सोमवार, रात्री ९.५१)

पोस्टमन बरा होता. पत्ता चुकला तरी शेजारी विचारून द्यायचा.

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११.१५)

बंदरवाला, "मेल जात नाही" एवढ्यावरून कुणीच काही सांगू शकणार नाही. परत आलेला मेल इथे टाका. सभासदांचे पत्ते खोडा, पण आकडे ठेवा. लोक वरची "क्षमस्व, तुमचा मेल पोहोचला नाही" ही दोन वाक्यं वाचतात आणि मेल उडवतात. कामाचं असतं ते खाली. स्टेटस, डायग्नॉस्टिक कोड, रिमोट एमटीए (समोरचा मेल सर्व्हर) अशा ओळी असतात, त्या हव्यात.

पंधरा वर्षं हेच करतोय, रात्रीच्या शिफ्टला. ज्याच्याकडे या तीन ओळी असतात त्याचं काम दहा मिनिटांत होतं.

बंदरवाला (मंगळवार, सकाळी १०.०८)

हे घ्या. सगळे चाळले, मुख्य प्रकार एवढेच दिसतात. मजकूर मराठीत करून लिहितो.

पहिला: ५०१ ५.१.३, प्राप्तकर्त्याच्या पत्त्याची रचना चुकीची. हा पाठवल्या पाठवल्या येतो.

दुसरा: ५५० ५.१.१, असं खातं अस्तित्वात नाही, स्पेलिंग आणि जादा स्पेस तपासा. हा जीमेलकडून.

तिसरा: ५.४.४, होस्ट सापडला नाही.

चौथा: ४.४.१, कनेक्शन टाइम आउट. याच्यासोबत "अजून प्रयत्न चालू आहे" असं येतं आणि पाच दिवसांनी कायमचा परत.

आणि कालपासूनचा: ५५० ५.७.१, फ्रॉममध्ये एकापेक्षा जास्त पत्ते असलेले मेल स्वीकारले जात नाहीत. अहो, मी फ्रॉममध्ये एकच पत्ता टाकलाय!

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी १.३०)

आता कसं. शेवटच्याकडे रात्री येतो, तो वेगळा प्राणी आहे. आधी पहिले चार.

पहिला आकडा ४ असेल तर "आत्ता नाही, नंतर बघू", ५ असेल तर "कायमचं नाही". टिंबानंतरचा आकडा विषय सांगतो. १ म्हणजे पत्ता, ४ म्हणजे वाटेतलं नेटवर्क, ७ म्हणजे नियम किंवा सुरक्षा. हे २००३ च्या आरएफसी ३४६३ मध्ये ठरलेलं आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज), त्यामुळे सर्व्हर कुठल्याही कंपनीचा असो, अर्थ साधारण तोच.

पण त्याहून महत्त्वाचं, बोलतंय कोण ते बघा. तुमचा पहिला प्रकार, ५०१ ५.१.३, तुमच्या स्वतःच्याच सर्व्हरने दिलाय. तो मेल वसईबाहेर पडलेलाच नाही. पत्त्याचं व्याकरणच चुकलंय, म्हणून घरातच अडवला. दुसरा प्रकार मात्र गूगलच्या दारापर्यंत जाऊन आलाय. तिथे व्याकरणाला कुणी हरकत घेतली नाही, फक्त त्या नावाचं खातं नाही. म्हणजे अक्षर चुकलंय किंवा खातं बंद झालंय. तिसऱ्यात ॲट द रेटच्या उजवीकडचा भाग चुकलाय, डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीत, ते डोमेनच नाही. चौथ्यात डोमेन आहे, पण तिथे मेल घेणारं कुणी दार उघडत नाही. एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरला द्यायचा ते सांगणारी) नसली तर सर्व्हर त्याच नावाच्या साध्या पत्त्यावर जाऊन ठोठावतो, असा नियमच आहे. टायपो झालेलं डोमेन कुणीतरी घेऊन तिथे नुसती वेबसाइट ठेवली असेल, तर तुमचा मेल रांगेत बसून राहतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुदत मुळात पाच दिवसांची असते. तुमचे "पाच दिवसांनी परत" इथून आले.

या चार ढिगांची दुरुस्ती वेगवेगळी आहे, त्यामुळे आधी यादीचे चार तुकडे करा. सगळ्या यादीवर एकच औषध चोळू नका.

आणि परत आलेल्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा तोच मेल मारू नका. न पोहोचणाऱ्या मेलचं प्रमाण वाढलं की समोरचे सर्व्हर तुमच्याकडे संशयाने बघायला लागतात, मग बरोबर पत्त्यांचे मेलही स्पॅममध्ये.

कढीपत्ता (मंगळवार, दुपारी २.०५)

पहिल्या ढिगावर मी बोलते, कारण प्रवेशाच्या दिवसांत आमच्या कॉलेजात हेच चालतं.

"डोळ्यांत तेल घालून तपासले" यावर विसंबू नका, कारण निम्मी घाण डोळ्यांना दिसतच नाही. एक्सेलमध्ये पत्ता ए२ मध्ये असेल तर शेजारी लेन हे सूत्र लावून लांबी काढा. दिसणाऱ्या अक्षरांपेक्षा आकडा जास्त आला की आत कुणीतरी लपलंय. ट्रिम लावून सगळं जाईल असं वाटतं, पण ट्रिम फक्त साधी स्पेस काढतं. वेबपेजवरून किंवा पीडीएफमधून चिकटवलं की जी न तुटणारी स्पेस येते, तिचा क्रमांक १६०, तिला ट्रिम हातही लावत नाही. क्लीन काढतं ते ० ते ३१ पर्यंतचं. तेव्हा सबस्टिट्यूट वापरून युनिकॅर १६०, मग ८२०३ म्हणजे शून्य रुंदीची स्पेस, मग ८२०४ आणि ८२०५ एकेक करून उडवायचे.

हे शेवटचे दोघे म्हणजे आपले मराठीवाल्यांचे खास पाहुणे, जोडाक्षरं जुळवणारे आणि तोडणारे. मराठी कीबोर्ड चालू असताना चुकून उमटतात आणि कीबोर्ड इंग्रजीवर आणल्यावरही पत्त्यात तसेच बसून राहतात. फोनच्या कॉन्टॅक्टमधून कॉपी केलं तर कधीकधी ८२३४ आणि ८२३६ ही जोडगोळी येते, लिखाणाची दिशा सांगणारी अदृश्य चिन्हं.

मी शेवटी एकच गाळणी लावते. मिड आणि युनिकोड वापरून प्रत्येक अक्षराचा क्रमांक काढायचा आणि १२७ च्या वर काहीही आलं की तो सेल लाल, कारण साधी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हं १२७ च्या आतच असतात. यात आकडे मराठीत टाइप झालेले पत्तेही सापडतात. नाव इंग्रजीत, पुढचं जन्मसाल मराठी आकड्यांत, असे तर कितीतरी!

बंदरवाला (मंगळवार, सायंकाळी ६.४०)

ताई, दंडवत. लाल सेलच लाल सेल झाले. व्हॉट्सॲपवरून आलेल्यांत सगळ्यात जास्त.

आता दिसणाऱ्या चुका. ज्यांनी फोनवर टाइप केलंय त्यांच्या प्रत्येक टिंबानंतर स्पेस आहे, "अमुक. तमुक@जीमेल. कॉम". कीबोर्डच घालतो वाटतं. एकाने चक्क "अमुक ॲट द रेट जीमेल" असं अक्षरांत लिहिलंय. आणि पत्त्याच्या सुरुवातीला "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू." लावणारे तर इतके आहेत की हा काय नियम आहे का, असं मलाच वाटायला लागलंय.

कढीपत्ता (मंगळवार, सायंकाळी ६.५८)

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची गंमत म्हणजे ते व्याकरणात बसतं! डावीकडच्या भागात टिंब चालतं, त्यामुळे तो पत्ता ५.१.३ मध्ये अडकत नाही. गूगलपर्यंत जातो आणि ५.१.१ घेऊन परत येतो. म्हणून तो तुमच्या दुसऱ्या ढिगात शोधा.

जीमेलपुरत्या दोन-तीन खुणा सांगते. जीमेलच्या नावात अक्षरं, आकडे आणि टिंब एवढंच चालतं, लांबी ६ ते ३०. अंडरस्कोर नाही, डॅश नाही. तेव्हा जीमेलच्या पत्त्यात अंडरस्कोर दिसला की तो पत्ता शंभर टक्के चुकीचा, पाठवून बघायचीही गरज नाही. बहुतेकदा तिथे टिंब असतं, नाहीतर तो याहूचा पत्ता असतो. उलट टिंब पुढेमागे झालं असेल तर जीमेलला फरक पडत नाही, तो टिंबं मोजतच नाही. पण हे फक्त साध्या जीमेलचं. कंपनीचं स्वतःचं डोमेन गूगलवर असेल तर तिथे टिंबाला किंमत आहे.

शून्यशेष (मंगळवार, रात्री ८.२०)

एवढी उठाठेव कशाला? वेबसाइटच्या फॉर्मवर एक कडक रेजेक्स (पत्त्याचा साचा तपासणारं सूत्र) टाका, चुकीचा पत्ता आतच येणार नाही. विषय संपला.

रात्रपाळी (मंगळवार, रात्री ११.४०)

शून्यशेष, संपला नाही, तिथे सुरू होतो. आरएफसी ५३२१ आणि ५३२२ प्रमाणे काय काय चालतं ते बघा. डावीकडे ६४ पर्यंत अक्षरं, त्यात अधिक चिन्ह चालतं, अपॉस्ट्रॉफी चालते, उद्गारचिन्हसुद्धा चालतं. दुहेरी अवतरणात घातली तर स्पेससुद्धा चालते. चालत नाही ते म्हणजे सुरुवातीला किंवा शेवटी टिंब आणि लागोपाठ दोन टिंबं. हे सगळं पकडणारा रेजेक्स पानभर होतो आणि तो लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही. म्हणून लोक छोटा लिहितात, आणि छोटा लिहिला की बरोबर पत्ते नाकारतो.

ब्राउझरमध्ये जो तयार ईमेलचा रकाना मिळतो, त्याच्या एचटीएमएलच्या मानकातच कबुली आहे की आम्ही इथे आरएफसी जाणूनबुजून मोडतोय. तो "अमुक@जीमेल" इतक्यालाही होकार देतो, पुढचं डॉट कॉम नसलं तरी. लागोपाठ दोन टिंबंही त्याला चालतात. बंदरवाल्यांच्या फॉर्ममधून आलेल्या पत्त्यांत हे दोन्ही नमुने सापडतील, पैज लावतो.

आता ५.७.१. ज्या मेलला नकार आला, तो परत आलेल्या मेलला जोडून येतो. तो उघडा, त्यातली "फ्रॉम" ही ओळ जशीच्या तशी इथे टाका. स्क्रीनवर दिसते ती नको, आतली.

सुकं_बोंबील (बुधवार, सकाळी ७.३०)

अपॉस्ट्रॉफीचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझं आडनाव डी'मेलो. वसईत माझ्यासारखे किती, बंदरवाल्यांना विचारा. ऑफिसच्या मेलमध्ये आडनाव अपॉस्ट्रॉफीसकट आहे, आयटीवाल्यांनी तसंच दिलं. निम्मे फॉर्म म्हणतात "अवैध पत्ता". विम्याचा, गॅसचा, शाळेचा. एका ठिकाणी तर फॉर्मने पत्ता घेतला आणि आतल्या आत अपॉस्ट्रॉफीच्या जागी दुसरंच काही घालून ठेवलं. म्हणजे मी बरोबर, फॉर्म बरोबर, आणि मेल तिसऱ्याच नावाला.

रात्रपाळी (बुधवार, सकाळी ८.१०)

(शिफ्ट संपली, झोपायच्या आधी एवढं लिहितो.) डी'मेलो, तुमचा पत्ता वैध आहे. असे फॉर्म बनवणारे डेटाबेसच्या भीतीने अपॉस्ट्रॉफीच अडवतात. डेटाबेस नीट हाताळता येत नाही, म्हणून लोकांची आडनावं कापायची, हा उपाय मला पटत नाही.

बंदरवाला, तुमच्याकडे याची आणखी एक तऱ्हा असणार. वर्डमध्ये किंवा आयफोनवर टाइप केलं की सरळ अपॉस्ट्रॉफीची वाकडी होते. सरळीचा क्रमांक ३९, वाकडीचा ८२१७. सरळ चालते, वाकडी साध्या मेलमध्ये चालत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या तरी लहान अक्षरांत फरक कळत नाही. कढीपत्तांच्या १२७ च्या गाळणीत ती पकडली जाईल, पण ती *काढू* नका, ३९ ने *बदला*. काढलीत तर डी'सोझाचा डीसोझा होतो, आणि त्या नावाचा दुसरा माणूस त्या ऑफिसात असू शकतो. जीमेलवर मात्र अपॉस्ट्रॉफी मुळातच मिळत नाही, तिथे काढायचीच.

बंदरवाला (बुधवार, दुपारी १२.२५)

पैज जिंकलात. डॉट कॉम नसलेले आणि जोड-टिंबवाले, दोन्ही सापडले. आणि वाकड्या अपॉस्ट्रॉफ्या तर ओळीने. डी'सोझा, डी'मेलो, डी'कुन्हा, सगळे लाल.

फ्रॉमची ओळ अशी आहे. संस्थेचं नाव बदलून लिहितो, पण रचना तीच, मुळात हे सगळं रोमन लिपीत आहे:

फ्रॉम: अमुक को-ऑप. क्रेडिट सोसायटी लि., वसई <सूचना@आमचंडोमेन>

शनिवारपर्यंत नाव मराठीत होतं, "अमुक सहकारी पतपेढी मर्या., वसई". तेव्हा जीमेल कुरकुरत नव्हतं. एका संचालकांच्या कॅनडातल्या मुलाला मराठी नाव चौकोन-चौकोन दिसलं, म्हणून रविवारी इंग्रजी केलं.

रात्रपाळी (बुधवार, रात्री १०.५०)

सापडलं. "लि." नंतरचा तो स्वल्पविराम.

मेलच्या हेडरमध्ये (फ्रॉम, टू वगैरे वरच्या ओळींत) स्वल्पविरामाचं काम एकच, एक पत्ता संपला आणि दुसरा सुरू झाला हे सांगायचं. त्यामुळे जीमेलने तुमची ओळ अशी वाचली: पहिला पत्ता "अमुक को-ऑप. क्रेडिट सोसायटी लि.", दुसरा "वसई <सूचना@...>". दोन पाठवणारे झाले, आणि असा मेल जीमेल घेत नाही. त्यातला पहिला तर पत्ताच नाही, पण तिथपर्यंत कोण जातं.

मराठी नाव असताना का चाललं? मेलच्या हेडरमध्ये देवनागरी थेट जात नाही. तुमचं सॉफ्टवेअर ते नाव सांकेतिक रूपात गुंडाळून पाठवतं, आणि त्या गुंडाळीत स्वल्पविरामही गुंडाळला जातो. समोरचा आधी पत्ते वेगळे करतो, मग गुंडाळी सोडतो, त्यामुळे गडबड होत नाही. इंग्रजी नावाला गुंडाळायची गरज पडत नाही, म्हणून तुमचा स्वल्पविराम उघडा पडला.

उपाय: संपूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत घाला. सरळ अवतरण, वाकडं नव्हे. खरं तर हे सॉफ्टवेअरने स्वतः करायला हवं. ते होत नसेल तर "लि., वसई" ऐवजी "लि. वसई" करा आणि मोकळे व्हा. कंस टाळा, कंसातलं लिखाण शेरा समजून सोडून दिलं जातं. विसर्गासारखे दोन टिंबही टाळा, त्यांनी गटाचं नाव सुरू होतं.

हेच तुमच्या "टू"मध्येही होतं. "डिसोझा, अमुक" असं आडनाव आधी लिहिलेलं नाव अवतरणाशिवाय चिकटवलंत की त्याचे दोन तुकडे होतात. आउटलुकवाल्यांना ही सवय जास्त, कारण आउटलुक मुळात अर्धविरामाने पत्ते तोडतं आणि तिथे स्वल्पविराम खपून जातो. तीच यादी उचलून दुसरीकडे टाकली की अर्धविराम आडवे येतात.

खवचट (बुधवार, रात्री ११.०२)

म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या संस्थेला स्वल्पविरामाची जबाबदारी झेपली नाही.

तोक्योकर (गुरुवार, पहाटे ४.१५)

वर लागोपाठ टिंबं चालत नाहीत असं आलंय, त्याला जपानी पुरवणी. इथल्या डोकोमोसारख्या मोबाइल कंपन्यांनी एकेकाळी लोकांना जोड-टिंबांचे आणि ॲट द रेटच्या अगदी आधी टिंब असलेले पत्ते दिले होते. नियमाबाहेरचे, पण त्यांच्या जाळ्यात बिनबोभाट चालायचे. नवीन देणं केव्हाच बंद झालं. पण जुने पत्ते उरले, आणि असा माणूस परदेशी वेबसाइटवर नाव नोंदवायला गेला की दारातच नकार. व्याकरण चुकलेलं असूनही पत्ता मात्र खरा! पतपेढीच्या कामाचं नाही, पण राहवलं नाही.

शुद्धलेखक (गुरुवार, सकाळी ९.००)

अवांतर आहे, पण विचारतो. मराठी अक्षरं पत्त्यात चालत नाहीत असं सगळे म्हणताय. मग .भारत हे डोमेन २०१४ सालापासून आहे, ते कशासाठी? माझा पत्ता मी देवनागरीत का घेऊ नये?

रात्रपाळी (गुरुवार, दुपारी ३.४५)

घ्या की. नियम आहे, आरएफसी ६५३१, २०१२ चा. एसएमटीपीयूटीएफ८ नावाची सोय आहे. जीमेल २०१४ पासून अशा पत्त्यांवर मेल पाठवतं आणि त्यांच्याकडून घेतंही. राजस्थान सरकारने तर नागरिकांना हिंदीत पत्ते देऊ केले होते. अडचण अशी की ही सोय वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला असावी लागते. एकाला नसली की ५.६.७ घेऊन परत. डोमेनच्या भागाला पळवाट आहे, ते आतल्या आत रोमन अक्षरांच्या संकेतात बदलता येतं. डाव्या भागाला ती पळवाट नाही.

तेव्हा देवनागरी पत्ता हौसेने घ्या, पण बँकेला आणि पासपोर्टला रोमनच द्या. आणि बंदरवाल्यांनी १२७ ची गाळणी लावायला हरकत नाही, त्यांच्या सर्व्हरला ही सोय दिसत नाही.

शुद्धलेखक (गुरुवार, दुपारी ४.१०)

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

बंदरवाला (शनिवार, सायंकाळी ७.१५)

स्वल्पविराम काढला. जीमेल सुरळीत. सॉफ्टवेअरवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "बघा, मी म्हटलं होतं ना सर, सर्व्हर साइडच."

५.१.३ चा ढीग जवळपास संपला. ५.४.४ मध्ये "जीमेल.कॉन" आणि "जीमेल.कॉमकॉम" होते, तेही उरकले. एक्सेलमध्ये काही ठिकाणी पत्त्याच्या आधी "मेलटू:" ही मेलच्या लिंकची खूण चिकटलेली होती, तेही काढलं. वाखु (वाचनखूण) साठवलीय.

आता उरला तो मला सगळ्यात नकोसा ढीग. मेल गेलाय, परत आलेला नाही, आणि सभासद म्हणतो मिळाला नाही. स्पॅममध्येही नाही. एका काकांचा पत्ता आमच्याकडे याहू.कॉमचा आहे, ते म्हणतात माझा याहू.को.इन आहे. मग आमचा मेल गेला कुणाला?

रात्रपाळी (रविवार, रात्री १२.३०)

याहू.कॉमवर त्याच नावाचा जो कुणी असेल त्याला. ती दोन वेगळी खाती आहेत. त्या माणसाला तुमच्या पतपेढीचा अहवाल मिळाला, त्याने तो न वाचता उडवला असेल अशी आशा करू या.

परत येणाऱ्या मेलची मला कधी धास्ती वाटत नाही, तो निदान सांगून येतो. व्याकरणात बसणारा, डोमेन असलेला, खातं असलेला, पण *दुसऱ्याचा* पत्ता कुठलीच गाळणी पकडत नाही. अमेरिकी सैन्याच्या पत्त्यांचा शेवट डॉट एमआयएल. त्यातला आय गळला की डॉट एमएल, म्हणजे आफ्रिकेतला माली देश. वर्षानुवर्षं सैन्याचे मेल असे मालीच्या डोमेनवर जात होते, हे २०२३ साली जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं. अमेरिकी सैन्यात संगणक विभाग कमी असतील का? पण सर्व्हरच्या दृष्टीने त्यात काही चुकलेलंच नव्हतं. डॉट कॉममधला एम गळला की डॉट को, ते कोलंबियाचं.

अहवाल एकवेळ जाऊ दे, तो सगळ्या सभासदांसाठीच असतो. पण उद्या खातेउतारे मेलने पाठवायचं मंडळाच्या डोक्यात आलं तर आधी अडवा. प्रत्येक पत्त्यावर पहिला मेल फक्त पुष्टीचा जाऊ दे. त्यात ना नाव, ना खाते क्रमांक, नुसती एक लिंक. ती दाबली तरच तो पत्ता पक्का.

कढीपत्ता (रविवार, सकाळी १०.४०)

आमच्याकडे लिंक दाबायला लोक घाबरतात. फसवणुकीच्या बातम्या वाचून वाचून आता खरी लिंकही कुणी दाबत नाही. पतपेढीत वयस्कर सभासद जास्त असणार.

सुकं_बोंबील (रविवार, दुपारी १.१५)

माझे वडील तर मेल उघडून प्रिंट काढायला मला देतात. लिंक काय दाबणार.

बंदरवाला (पुढचा शुक्रवार, रात्री ८.५०)

ताई, अगदी तेच झालं. लिंक थोड्यांनीच दाबली, आणि दोघांनी फोन करून विचारलं की पतपेढीच्या नावाने कुणी फसवतंय का.

म्हणून उलटं केलं. काउंटरवर एक पाटी लावली, तिच्यावर आमचा पत्ता आणि क्यूआर. पासबुक भरायला आलेल्या सभासदाला सांगतो, तुमच्या फोनवरून आम्हाला एक मेल टाका, विषयात फक्त सभासद क्रमांक. बाई तिथल्या तिथे सही जुळवून घेतात, आणि आलेल्या मेलचा पाठवणाऱ्याचा पत्ता मी जसाच्या तसा यादीत चढवतो. ॲट द रेट नाही, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नाही, वाकडी अपॉस्ट्रॉफी नाही. याहूवाले काका काल येऊन गेले. त्यांचा पत्ता ना याहू.कॉम निघाला ना याहू.को.इन. निघाला रेडिफमेल.

कढीपत्ता (पुढचा शुक्रवार, रात्री ९.०५)

हे झकास आहे. जूनच्या प्रवेशाला मी हेच लावते. क्यूआर दाबल्यावर विषयाची ओळ आपोआप भरलेली येते का?

बंदरवाला (पुढचा शुक्रवार, रात्री ९.१२)

येते, मेलटूची लिंक त्या क्यूआरमध्ये भरलीय. फक्त मेलटूच्या दोन टिंबांनंतर स्पेस सोडू नका, नाहीतर ती पत्त्याच्या सुरुवातीला टक्के-वीस (लिंकमधला स्पेसचा संकेत) होऊन चिकटते.